टेबल वाजतंय

माझी आत्या अडतीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली आणि त्यातली निदान बारा-तेरा वर्षं ते टेबल वाजत होतं. इस्त्री पुढे गेली की ‘कट्’, मागे आली की पुन्हा ‘कट्’. आवाज फार मोठा नव्हता, पण पंखा बंद झाला की अख्ख्या लॉन्ड्रीत ऐकू यायचा. बाबांनी दोनदा सुतार बोलावला. पहिल्या खेपेला त्याने एका पायाखाली पाचर ठोकली, दुसऱ्या खेपेला चारही पाय बदलले. तो हत्यारं आवरून गेला, आत्याने इस्त्री हातात घेतली, आणि कट्. बाबा त्याला महिनाभर शिव्या घालत होते. तो बिचारा सांगून दमला, “अहो, मी दाबून बघितलं, हलवून बघितलं, वर चढून बसलो. माझ्या हाताखाली ते वाजतच नाही.” आम्हाला वाटलं, थापा मारतोय.

आत्याला गिऱ्हाइकं पाठीमागे ‘कडकबाई’ म्हणायची. ते तिच्या कांजीला उद्देशून होतं की जिभेला, हे कुणी स्पष्ट करायच्या भानगडीत पडलं नाही. तिचं लग्न अकरा महिने टिकलं होतं. का मोडलं असं विचारलं की ती म्हणायची, “त्याला कॉलर ताठ लागायची आणि मान आईसमोर वाकलेली. एकाच माणसावर दोन्ही कसं जमवायचं?” वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती ट्रंक घेऊन भावाच्या घरी परत आली. त्या दिवशी नेमका बाबांचा इस्त्रीवाला तापाने पडला होता. बाबा म्हणाले, “दोन दिवस जरा मदत कर.” इस्त्रीवाला बरा झाला, दुसरीकडे कामाला लागला, म्हातारा झाला आणि वारलासुद्धा. आत्याची मदत आपली चालूच राहिली. मधल्या काळात माझी आई गेली, मी पाच वर्षांची होते. मलाही त्याच टेबलाखाली, चादरींच्या गठ्ठ्यावर बसवून तिनेच वाढवलं. त्यामुळे तिच्याबद्दल बोलताना माझ्याकडून तोल राखला जाईल अशी कुणी अपेक्षा करू नये.

आमच्याकडे जवळच्या हॉस्पिटलचे कपडे यायचे. रोज दोनेकशे चादरी आणि आठवड्याला साठ डॉक्टरी कोट. प्रत्येक कोटाच्या कॉलरच्या आत काळ्या दोऱ्याने नंबर शिवलेला. आत्याने त्या डॉक्टरांपैकी एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं, पण प्रत्येकाची कुंडली तिला पाठ होती. नऊ नंबर पेनाची टोपणं चावतो. तेरा नंबर बाईच्या कॉलरला हल्ली पावडर लागते, म्हणजे काहीतरी शिजतंय. आणि सगळ्यात वाईट एक्केचाळीस नंबर. त्याच्या खिशात बिस्किटाचा चुरा, बाहीला चहा, डाव्या खिशाखाली निळ्या शाईचा बदकाच्या आकाराचा डाग. एकदा त्याच्या खिशातली टॉफी धुलाईत वितळली आणि सात कोट चिकट झाले. तेव्हापासून दर सोमवारी एक्केचाळीस नंबर हाताला लागला की ती त्याच्या खानदानाचा उद्धार करायची. याउलट सत्तावीस नंबर. डाग नाही, सुरकुती नाही, घामाची रेघसुद्धा नाही. “हा माणूस जेवतो तरी का?” असं म्हणत ती त्याच्या कोटावरून मायेने हात फिरवायची.

पाच वर्षांपूर्वी तिला उजव्या स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा त्याच हॉस्पिटलात गेलो. कॅन्सरचे डॉक्टर समोर बसले, त्यांनी फाईल घ्यायला मान खाली घातली, कॉलरच्या आतला नंबर दिसला आणि आत्याने माझ्या मांडीला चिमटा काढला. “सत्तावीस!” ती कुजबुजली. तिला कॅन्सर झालाय हे ते सांगत होते आणि हिच्या चेहऱ्यावर जुना ओळखीचा भेटल्याचा आनंद. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, किरणं झाली. शेवटी सत्तावीस नंबर म्हणाले, “उजव्या हाताने जड काही उचलायचं नाही.” आत्याने लगेच कबूल केलं. तिसऱ्या महिन्यात ती टेबलाशी. मी आरडाओरडा केला तर म्हणते, “उचलत कुठे आहे? इस्त्री ढकलायची असते.”

दर सहा महिन्यांनी तपासणी असायची. पाच वर्षं सुखरूप निघाली की वर्षातून एकदाच या, असं तिला सांगितलेलं. त्या पाचव्या वर्षाच्या तपासणीला ती नवी चप्पल घालून गेली. आणि त्या वेळच्या स्कॅनमध्ये उजव्या खांद्याच्या पात्याखाली, बरगड्यांना चिकटून, लिंबापेक्षा मोठी गाठ दिसली.

सत्तावीस नंबरांनी फिरवाफिरव केली नाही. “बाजू तीच आहे. परत आलाय असंच धरून चालावं लागेल. गुरुवारी सुईची तपासणी करू आणि पुढच्या सोमवारपासून औषध.” तपासणी अजून व्हायची होती, पण सोमवारची तारीख त्यांनी कागदावर लिहूनही टाकली. मी विचारलं, “यातून पूर्ण बरी होईल ना?” ते म्हणाले, “परत आलेला पूर्ण जात नाही. लांबवता येतो. आणि पहिल्या औषधाने यांचं हृदय थोडं थकलंय, तेव्हा या वेळचं सोपं जाणार नाही.” आत्या त्यांच्या कोटाकडे बघत होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या. “कशाला?” आत्या म्हणाली. “इतकी वर्षं त्यांचा कोट माझ्या हाताखालून जातोय. एक डाग पाहिला नाही. असा माणूस चुकत नाही.”

बाबाही बरोबर होते. ते एकदम म्हणाले, “मग सोमवारचे कोट?”

ते त्यांच्या तोंडून निसटलं, हे मलाही कळतं. घाबरला की माणूस काहीही बोलतो. पण मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही आणि अजूनही ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं. आत्या मात्र हसत सुटली. वॉर्डबॉय वळून बघायला लागले इतकी हसली. मग म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे,” आणि कोपऱ्यावरच्या पुरुषांच्या सलूनमध्ये शिरली. अर्ध्या तासाने ती घरी आली ती पूर्ण टक्कल करून. सलूनवाल्याने कारण विचारलं तर त्याला सांगितलं म्हणे, “पाहुणे यायच्या आधी घर झाडून ठेवतात ना, तसं.” मला रडू आवरेना. तर ती माझ्यावरच खेकसली, “रडायचंय तर बाहेर जाऊन रड. इथे पांढरे कपडे आहेत.”

गुरुवारी आम्ही तिघं सुईच्या खोलीत गेलो. खोली अर्धवट अंधारी, एक उंच खाट, शेजारी छोट्या पडद्याचं मशीन. तिथले डॉक्टर स्कॅनचे फोटो बघणाऱ्या खात्यातले, कधी कुणाला फारसे न दिसणारे. वय पन्नाशीचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आत्या पालथी झोपली. ते तिच्या पाठीवर थंडगार जेल लावायला पुढे झाले आणि त्यांचा खिसा बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आला. निळा डाग. बदक.

“एक्केचाळीस!” आत्या ओरडली.

“काय झालं? दुखलं का?”

“तुम्ही एक्केचाळीस नंबर! टॉफीवाले!” आणि तोंडाचा पट्टा सुटला. पालथ्या अवस्थेत, उघड्या पाठीवर जेल घेऊन, तिने त्या माणसाला फैलावर घेतलं. सात कोट तीनदा धुवावे लागले, चहाच्या डागावर गरम इस्त्री फिरली की तो जन्मभर जात नाही, पेनाला टोपण नावाची वस्तू असते, खिसा म्हणजे कचऱ्याचा डबा नव्हे. डॉक्टर हातात यंत्र धरून शाळेतल्या पोरासारखे ऐकत उभे. मला वाटलं आता हाकलून देतील. ते ओशाळून म्हणाले, “मावशी, चुकलंच. पण तुम्ही आमचे कोट धुता?”

“धुतं मशीन. मी इस्त्री करते.”

त्यांनी टेबलावरचा कागद उचलला आणि उजेडात धरला. “इथे तर गृहिणी लिहिलंय.”

ते मी लिहिलं होतं. पाच वर्षं प्रत्येक फॉर्मवर मीच लिहीत आले होते, एकदाही हात न अडखळता. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, “घरचंच दुकान आहे, डॉक्टरसाहेब. ही तशी घरीच असते. दुकानात थोडी मदत करते.”

“थोडी म्हणजे किती?”

“साठ कोट आठवड्याला,” आत्या उशीत तोंड खुपसून म्हणाली, “आणि चादरी मोजत नाही. अडतीस वर्षं.”

डॉक्टरांनी सुईचा ट्रे बाजूला सरकवला. “उठून बसा मावशी. इस्त्री कशी करता ते मला दाखवा.”

“इथे?”

“इथेच.” त्यांनी तिच्या हातात कापसाचा डबा दिला. ती उठली, खाटेवरची चादर सवयीने ताणली आणि डबा ढकलायला लागली. डावा हात कापड ओढतोय, उजवा लांबवर पुढे जातोय, कमरेचा भार खाटेच्या कडेवर. डॉक्टरांनी तळहात तिच्या पाठीवर टेकवला होता. हात पुढे गेला की पात्याखालून काहीतरी टम्म वर यायचं, मागे आला की आत दडायचं. खोलीत मशीनची घरघर सोडली तर शांतता होती आणि त्या शांततेत आवाज आला, कट्.

“हा आवाज कसला?” डॉक्टरांनी विचारलं.

“तो होय,” बाबा म्हणाले, “तो आमच्या टेबलाचा.”

बोलून झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं. टेबल तिथून दोन चौक पलीकडे, लॉन्ड्रीत होतं. बाबा हळूच भिंतीजवळच्या स्टुलावर बसले.

डॉक्टरांनी मशीन पुन्हा लावलं, उजवीकडे बराच वेळ बघितलं आणि मग यंत्र डावीकडे नेलं. तिथे कुणी बघायला सांगितलं नव्हतं. थोडा वेळ फिरवून ते थांबले. “या बाजूलाही आहे एक. लहान आहे. स्कॅनमध्येही असणार, पण सगळे उजव्या बाजूच्या मागे लागले.”

बाबांनी डोकं हातात धरलं. आत्या म्हणाली, “घ्या. म्हणजे जुळं.”

“मावशी, दोन्हीकडे आहे म्हणून तर मला बरं वाटतंय,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. मला त्यात पावसाळी ढगापलीकडे काही दिसलं नाही. ते सांगत होते, “ही कॅन्सरची गाठ वाटत नाही मला. खांद्याचं पातं बरगड्यांवर वर्षानुवर्षं घासलं की मधे असं काहीतरी जाडसर साठतं. चपलेने टाचेला घट्टा पडतो ना, त्यातलाच प्रकार समजा, फक्त आतून. उजवीकडे मोठी, कारण त्या हाताने ढकलता. डावीकडे लहान, कारण तो हात नुसता ओढतो. फार क्वचित दिसते. वीस वर्षांत मी तीन पाहिल्या. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसात दिसली की सगळ्यांना वाटतं तोच परत आला.”

“मग सुई नको?” मी विचारलं.

“सुई हवीच. माझ्या म्हणण्यावर कुणाचा जीव टांगायचा नाही.” त्यांनी सुईने गाठीचा बारीक तुकडा काढला, आणि आत्या हूं की चूं न करता पडून राहिली. मग आमच्यासमोरच त्यांनी प्रयोगशाळेत फोन लावला आणि त्या तुकड्यात रबरासारखे ताणले जाणारे धागे शोधायला सांगितले, त्याचा वेगळा रंग वापरून. “नाहीतर ते ‘चरबी आणि धागे’ एवढंच लिहून पाठवतील,” ते मला म्हणाले, “आणि वर सगळे म्हणतील, सुई चुकली, औषध सुरू करा.” बोलता बोलता त्यांनी पेन टोपण न लावता खिशात खुपसलं. आत्याने ते पाहिलं.

बाहेर येताच मी तिच्या गळ्यात पडले. तिने मला बाजूला केलं. “उगाच नाचू नकोस. कोण म्हणतंय? एक्केचाळीस नंबर. ज्याला स्वतःचा खिसा सांभाळता येत नाही, तो माझी पाठ काय सांभाळणार? सत्तावीस नंबर म्हणाले परत आलाय, तर परत आलाय.” मी तिला किती समजावलं! कोटावरून डॉक्टर ओळखणारी बाई जगात दुसरी सापडणार नाही आणि ती नेमकी माझ्याच नशिबात. रिपोर्ट सोमवारी येणार होता. औषधाची तारीखही तीच. चार दिवस ती पिशवी भरत होती. मोजे, टोपी, सुकी बिस्किटं, उलटीचं भांडं.

शनिवारी दुपारी मी लॉन्ड्रीत गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं. बाबा जेवायला घरी गेले होते. आत्या टेबलाशी उभी होती. इस्त्री बंद होती, थंड. ती रिकाम्या टेबलावरून उजवा हात इस्त्रीसारखा पुढेमागे नेत होती आणि डावा हात मागे वळवून स्वतःच्या पाठीवर चाचपडत होती. पोचत नव्हता. मी मागे जाऊन तिच्या पात्याखाली हात ठेवला. ती दचकली नाही. तिने हात पुढे नेला आणि माझ्या तळहाताखाली ते वर आलं. कट्. खरंच, किती वर्षं आम्ही सुताराला बदनाम करत होतो.

“मला आशा नको लावू गं,” ती म्हणाली. “पहिल्या वेळी मी हसत हसत गेले होते. या वेळी माझ्यात तेवढं हसू उरलेलं नाही. आता मला भीती वाटते.” एवढ्या वर्षांत तिने असं काही कबूल केल्याचं मला आठवत नाही. मी तशीच तिच्या पाठीला गाल लावून उभी राहिले.

सोमवारी पिशवी घेऊन आम्ही सत्तावीस नंबरांसमोर बसलो. त्यांनी रिपोर्ट वाचला. पहिलं पान उलटून दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं.

“कॅन्सर नाही,” ते म्हणाले. “ते धागे सापडले. साधी गाठ आहे, दोन्हीकडची. काढायचीसुद्धा गरज नाही. औषध नको. मी घाई केली, बाई. आजार आधी झाला होता म्हणून मला दुसरं काही सुचलंच नाही.”

आत्याने डोक्यावरचा रुमाल काढला. “म्हणजे हे मी फुकट केलं?”

सत्तावीस नंबरांना कुठे बघावं कळेना. ते टकलाकडे बघत होते, मग भिंतीकडे, मग परत टकलाकडे. मी हसत होते आणि माझे डोळे वाहत होते. बाबांनी मोठ्याने श्वास सोडला आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले.

“एक मात्र आहे,” डॉक्टरांनी फाईल पुढे ओढली आणि पेन उघडलं. “ही गाठ कामाची आहे. वर्षानुवर्षं एकच जड काम करून आलेली. ते आता थांबवावं लागेल. आणि मला हे इथे नीट लिहून ठेवायला हवं, म्हणजे उद्या दुसरा कुणी माझ्यासारखा घाबरणार नाही. तुम्ही कुठे कामाला होता, बाई?”

आत्या मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत बसली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. डॉक्टर पेन धरून थांबले होते. मी बाबांकडे बघितलं. आता हे ‘घरीच असते’ म्हणाले, तर त्या खोलीतच त्यांच्याशी भांडायचं, असं मी ठरवलं होतं.

“माझ्याकडे,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांना नीट ऐकू गेलं नसावं. त्यांनी मान वर केली.

“माझ्याकडे कामाला होती,” बाबा जरा मोठ्याने म्हणाले. “माझ्या लॉन्ड्रीत. अडतीस वर्षं. मीच उभी केली तिला तिथे, आणि नंतर बस म्हणालोच नाही.” ते आत्याकडे बघत नव्हते, डॉक्टरांच्या पेनाकडे बघत होते. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

आणि माझी आत्या, जी पहिल्या कॅन्सरला रडली नाही, केस गेले तेव्हा रडली नाही, दुसऱ्यांदा आला असं ऐकलं तेव्हा हसली होती, ती रुमालात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. खांदे गदागदा हलत होते. सत्तावीस नंबर घाबरून उठले, पाण्याचा ग्लास तिच्यापुढे धरला आणि लहान मुलीला समजवावं तसे म्हणाले, “अहो बाई, कॅन्सर नाहीये. खरंच नाहीये. रिपोर्ट मी दोनदा वाचला.”

“ऐकलं हो मी,” आत्या रुमालातूनच म्हणाली. “मी त्यासाठी नाही रडत.”